आवर घालताना

दशावतार या आमच्या लोकनाट्यात आवाजाला मधली जागा फारशी नसते. राक्षसपार्टी, म्हणजे राक्षस रंगवणारा नट, आरोळी ठोकत येतो, तिच्यावर झांज आणि मृदंग कडाडतात. पुढच्याच प्रवेशात स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा नट, एखादं वाक्य जवळजवळ श्वासावरच बोलतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, मंडळ कुठलंही असो, लिखित संहिता नसते. पुढचं वाक्य किती चढेल हे बोलणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. मालवणकडच्या जत्रांत हा दहीकालो बघत मी वाढलो आणि पुढे तो ध्वनिमुद्रित करणं हेच माझं काम झालं.

सुरुवात घरच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाली. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट त्यात होतं. मृदंगावर थाप पडली की ते पातळी खाली ओढी आणि थाप विरली की पुन्हा वर उचली. नटाने डोळ्यांत पाणी आणून घेतलेल्या विरामात मग रातकिडे, खाजेवाल्याची हाळी आणि टेपची खरखर पुढे सरसावत. मोठा आवाज दाबला की लहान आवाज वर येतो, हे मला तिथे कळलं. कोणता लहान आवाज वर यावा, हे मात्र यंत्राला ठरवता येत नव्हतं.

मुंबईत स्टुडिओत शिकताना हे ठरवण्याचं साधन हाती आलं, कॉम्प्रेसर. त्याचा रेशो ४:१ ठेवला, तर थ्रेशोल्डच्या, म्हणजे आवर सुरू होतो त्या पातळीच्या, ८ डेसिबल वर उसळलेला आवाज २ डेसिबलच वर जातो. हा आवर किती लवकर घालायचा ते अ‍ॅटॅक ठरवतो आणि किती वेळात सैल सोडायचा ते रिलीज. १९६०च्या दशकात जिम लॉरेन्स या अमेरिकी अभियंत्याने घडवलेल्या एलए-२ए या यंत्रात हे काम उजेड करतो. आवाज वाढला की आतलं प्रकाशपटल उजळतं, शेजारच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध घटतो आणि आवाज आवरला जातो. तो सुटतोही टप्प्याटप्प्याने, आधी झटकन, मग सावकाश. म्हणून गळ्यावर त्याची पकड जाणवत नाही.

मृदंगाला मात्र वेगळी वागणूक लागते. अ‍ॅटॅक ५ मिलिसेकंदांवर आणला तर थापेचं तोंडच बंद होतं. ३०च्या आसपास ठेवला तर थाप आधी निसटते आणि मागचा घुमार तेवढा आवरतो. राक्षसाची आरोळी मी ३-४ डेसिबलपेक्षा जास्त दाबत नाही. ती ऐकून पुढच्या रांगेतलं पोर आईला बिलगतं, ते बिलगणं ध्वनिमुद्रणात राहायला हवं. पण लोकलच्या गोंगाटात मोबाईलवर नाटक ऐकणाऱ्या चाकरमान्यापर्यंत स्त्रीपार्टीचं हळू वाक्यही पोचायला हवं. तेवढी वाक्यं मी हाताने, एकेक करून उचलतो.

डी-एसर हा कॉम्प्रेसरच, पण स-श-चच्या धारेपुरता जागा होणारा. पुरुषी आवाजात ही धार साधारण ५ ते ७ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सापडते, बायकांच्या आवाजात बहुधा थोडी वर. दशावतारात राणीही पुरुषच, त्यामुळे तिची धार प्रत्येक नटागणिक नव्याने शोधावी लागते. त्यात आमची मालवणी! ‘कसो असस?’ एवढं विचारलं तरी माईकवर तीन ‘स’ सपकन येतात. ते कानाला बोचतात म्हणून डी-एसर जोरात लावावा, तर माणूस बोबडा होतो आणि त्याच्या गावाची खूण पुसली जाते. म्हणून धार बोथट झाली की मी थांबतो. ती नाहीशी करायची नसते.

दाबून साठवलेला आवाज पुन्हा होता तसा उलगडता येत नाही. म्हणून प्रत्येक माईकचं मूळ ध्वनिमुद्रण मी २४ बिटमध्ये, कुठलाही आवर न घालता वेगळं जपतो. माझं मिश्रण आजच्या कानांसाठी आहे. उद्याच्या ऐकणाऱ्याला दशावताराची ती आरोळी आणि तो श्वास यांतलं पुरं अंतर मिळालं पाहिजे. त्यात किती आवर घालायचा, ते तो ठरवील.