ओहोटी गाठा, हरिहरेश्वर बघा!
शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर पुण्याहून ताम्हिणीमार्गे थेट हरिहरेश्वर! देवळामागच्या पायऱ्या उतरून कातळावरून प्रदक्षिणा घालायची, हा खरा प्लॅन. सकाळी निघालो, तर खानावळीतल्या काकू ओरडल्याच, ‘‘अरे, भरती लागलीय, कुठे निघालात?’’ मित्र म्हणाला, पटकन फोटो काढून येऊ. वरून खाली डोकावलो आणि दोघंही गप्प. वाटेवरच लाटा फुटत होत्या. इथे माणसं वाहून गेलीयत, धोक्याच्या पाट्या उगाच नाहीत.

मग श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव. किनाऱ्यावर मस्त लोळलो. दुपारी ओहोटीला परतलो, तर लाटांनी कोरलेला जाळीदार कातळ समोर, अगदी मधाच्या पोळ्यासारखा! चपला मात्र घट्ट हव्यात. शेवाळावर मी दोनदा आपटलो. रात्री काकूंचे उकडीचे मोदक, वर साजूक तूप.