माठाचं दोन मार्कांचं उत्तर

पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’च्या पुस्तकात पाठाच्या शेवटी ‘आपण काय शिकलो’ अशी चौकट असते. वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली की पुस्तक तेवढंच उरतं: ती चौकट, खालचा स्वाध्याय आणि गाईड. मधले ‘करून पहा’चे मजकूर भराभर उलटले जातात. स्वाध्यायात ‘जरा डोके चालवा’ असंही एक सदर आहे. त्याचंसुद्धा उत्तर गाईडात तयार मिळतं आणि मुलं तेही पाठ करतात.

आमच्याकडे धाकट्या दिरांच्या मुलीची उजळणी माझ्याकडे असते. पाठांतराशी माझं भांडण नाही. काही गोष्टी जिभेवर असाव्यात, नाहीतर विचार करायला बसल्यावर हाताशी काय घेणार? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ अशी ग्रहमाला मी शाळेत प्लूटोपर्यंत घोकली होती. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ग्रहाची व्याख्या ठरवली आणि यादी नेपच्यूनपाशी थांबली. माझं घोकणं वाया गेलं नाही. प्लूटोला का वगळलं, हा प्रश्न ज्याला यादी पाठ होती त्यालाच पडला.

मला खटकतं ते ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाचं. मातीच्या माठातील पाणी थंड राहते. का? पोरगी डोळे मिटून सुरू होते: माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते थंड होते. काना-मात्रा जागच्या जागी. दोन मार्क.

माझं माहेर अकोल्याचं, सासर दापोलीचं. एप्रिलमध्ये अकोल्यात पारा चाळिशी ओलांडून जातो, वाळत घातल्यासारखं वाटावं अशी कोरडी झळ अंगावर येते, आणि त्याच दिवसांत माठातलं पाणी दातांना लागतं. दापोलीला पारा कितीतरी खाली असतो. इथंही माठ तसाच लाल मातीचा, तसाच पाझरणारा, पण पाणी आपलं जेमतेम गार. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, कोकणातल्या कुंभारांनाच माठ जमत नाही! कुंभाराचा काही दोष नव्हता. समुद्राकडची हवा आधीच बाष्पानं भरलेली, ती माठावरचं पाणी उचलणार तरी किती? विदर्भात कूलर घर गार करतो आणि कोकणात तोच कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो, त्याचंही कारण हेच.

बाष्पीभवनाचा हिशेब मोठा चकित करणारा आहे. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे माठात १०० ग्रॅम पाणी असेल आणि त्यातलं फक्त एक ग्रॅम उडून गेलं, बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. एवढी ताकद त्या एका ग्रॅमची. पण ते ग्रॅम उडणार की नाही हे हवा ठरवते. आणि उत्तरात हवा कुठंच नाही. छिद्रं आहेत, पाणी आहे, उष्णता आहे. अकोल्याची मुलगी आणि दापोलीची मुलगी एकच उत्तर लिहितात, दोघींना दोन मार्क मिळतात, आणि दापोलीच्या मुलीच्या घरी ते उत्तर निम्मंच खरं असतं.

उजळणीत पहिल्यांदा गळतात त्या अटी. पाणी १०० अंशांना उकळते. समुद्रसपाटीला, हे म्हणायचं राहून जातं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. दुपारी सूर्य डोक्यावर येतो, हेही सगळ्यांना पाठ. आपल्याकडे तो अगदी डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. दापोलीला त्यातला पहिला दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमारास. तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दिवसांत इथं सूर्यच दिसत नाही.

बाईंना तरी काय बोलणार? पुढ्यात पेपरांचा गठ्ठा, हातात नमुना उत्तरं. शिवाय पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागतं, नाहीतर फेरपरीक्षा. त्यामुळे घराघरांत धाकधूक वाढली आहे. अशा वेळी ‘पण हवा दमट असेल तर?’ असं विचारणारं मूल कुणालाच नको असतं.

मी तिला अकोल्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग सरळ मुद्द्यावर आली.

“काकू, मग मी लिहू काय?”

“पुस्तकातलंच लिही. खाली एक वाक्य जोड: हवा दमट असेल तर पाणी कमी थंड होते.”

“त्याचा मार्क मिळेल?”

“नाही.”

“कापला तर?”

कापणार नाहीत, असं छातीठोकपणे मला सांगता येईना. “तुझं तू ठरव,” म्हणाले. तिनं मान डोलावली आणि गाईडातलं पुढचं कारण काढलं: हिवाळ्यात खोबरेल तेल गोठते. दापोलीला कधी गोठलेलं तिनं पाहिलं होतं का, हे मी त्या संध्याकाळी विचारलं नाही. जेवायची वेळ झाली होती आणि पाच पाठ बाकी होते.