तिसऱ्या दिवशीचे तांदूळ

तीन दिवस पाण्यात राहिलेल्या तांदळाला एक वास येतो. पहिल्या दिवशी तो नसतो. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना बोटांना जराशी बुळबुळ लागते आणि नाकाला नुसती शंका येते. तिसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यावरचं ताट बाजूला केलं की मग तो वर येतो. आंबूस, गार, थोडा ताकाकडे झुकणारा, थोडा ओल्या भिंतीकडे. नव्या माणसाला वाटेल, तांदूळ नासले. ज्याच्या घरी अनारसे होतात त्याला वाटतं, आता जमलं. तो वास आला की मी पातेल्याशेजारी उगीच उकिडवी बसून राहते. नळाला पाणी आलेलं असतं, खाली कोणीतरी कोणाला तरी हाका मारत असतं, दारावर पाववाला येऊन गेलेला असतो, आणि उठवत नाही.

हा वास मला पुस्तकातून मिळाला असं म्हटलं तर आई चिडेल. पण झालं तसंच. आमच्याकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहे. 1970 साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक किती घरांत लग्नाच्या आहेरातून पोचलं ते तुम्हाला सांगायला नको. कमलाबाईंना लोक कौतुकानं एक लाख सुनांची सासू म्हणायचे. आमची प्रत आहेरातली नव्हे. आई चेंबूरला एका घरी पोळ्या करायला जायची, तिथल्या काकूंनी नवी प्रत आणली तेव्हा जुनी आईला दिली. तिला कव्हर नव्हतं, शिवण सुटलेली होती, कडांना हळद लागलेली होती आणि समासात काकूंच्या शिसपेन्सिलीच्या नोंदी होत्या. ‘मीठ कमी.’ ‘ह्यांना आवडलं.’ एका पानावर तर नुसतंच ‘नको’. आईला अक्षर लावायला वेळ लागायचा. म्हणून रात्री जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की मी वाचायची आणि ती भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून ऐकायची.

ऐकायची म्हणजे भांडायची. मी एक वाटी तूप म्हटलं की ती म्हणायची, अर्ध्यात होतं. मी बेदाणे म्हटलं की ती हसायची. एखादं पान ऐकून झालं की बराच वेळ काही बोलायची नाही, मग एकदम विचारायची, “आणि मोहरी कधी घालायची म्हणाली?” जेवणाची पानं मी तिला गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचून दाखवली, आणि त्यातले कितीतरी पदार्थ आम्ही कधीच केले नाहीत. नुसते ऐकले. आजही काही पदार्थांची चव मला आईच्या हुंकारांवरूनच माहीत आहे.

तेव्हा आम्ही कुर्ल्याच्या बाजूला, रुळांच्या कडेला राहत होतो. त्या जागेविषयी लोक हळवं होऊन बोलायला लागले की मला राग येतो. तिथे पाणी लांबून आणावं लागे, शौचाला जायची लाज आणि भीती दोन्ही होत्या, आणि गाडीखाली गेलेली माणसं आम्ही मुलांनी पाहिलेली आहेत. परत जायचं का असं कोणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. पण एक गोष्ट तिथे भरपूर होती, ती म्हणजे ऊन. रुळांवर सावली धरणारं काही नसतं. चैत्र-वैशाखात आई कुरडया घालायची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवायचा आणि गरम गरम सोऱ्यातून जुन्या लुगड्यावर पाडायचा. भिजलेल्या गव्हाचा वास या तांदळाच्या वासाचा सख्खा भाऊ. गाडी गेली की लुगड्याची टोकं उडायची आणि आम्ही चार जणं चार दगड घेऊन धावायचो. संध्याकाळी कुरडया खडखड वाजायला लागलेल्या असायच्या. त्यांच्यावर लोखंडाची बारीक धूळ बसत असणार. तळताना कोणाला काही कळलं नाही.

मग एमयूटीपी, म्हणजे लोकल वाढवायचा सरकारी प्रकल्प, आला, रूळ वाढायचे होते, आणि आम्हाला मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये खोली मिळाली. 225 चौरस फूट. पक्की भिंत, आतला नळ, आतला संडास, दाराला कडी. आईनं पहिल्या दिवशी नळ तीन-चारदा उगीचच उघडला आणि बंद केला. खिडकीही होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, तीही इतकी जवळून की त्यांच्याकडे फोडणीत लसूण पडली की आमच्याकडे भूक लागायची. दुपारी बारा वाजता पुस्तक वाचायला ट्यूबलाइट लावावी लागे. अजूनही लागते.

त्या पहिल्या उन्हाळ्यात आईनं हट्टानं कुरडया घातल्या. गच्चीला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे आहे ते इमारतीत एकालाही माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. तेव्हा खोलीतच, पंख्याखाली, दोरीवर टांगलेल्या परातीत, खिडकीच्या जाळीवर. वरून सुकल्यासारख्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी उलटून पाहिल्या तर पोटाला ओल धरलेली, चौथ्या दिवशी बुरशीचे हिरवट ठिपके. वासही तोच होता, आंबूस, पण पुढे निघून गेलेला, परतीची वाट नसलेला. आईनं सगळ्या पेपरात गुंडाळल्या आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता पिशवीतून लांब कुठेतरी टाकून आली. सांडगे, पापड, मिरगुंडं, सगळी पानं त्या वर्षी मिटली. वाळवणाच्या त्या पानांवर ऊन कुठेच मोजून दिलेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तूप वाटीनं, मीठ चमच्यानं, ऊन आपलं असतंच म्हणून.

पुढे मला जुन्या पाकपुस्तकांची चटकच लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, त्यात तर हजार पाकक्रिया. जुन्या मापांच्या कृतीपुढे बसलं की स्वयंपाक राहतो बाजूला आणि गणितच सुरू होतं. शेर, पावशेर, नवटाक, छटाक, तोळा. 80 तोळ्यांचा शेर धरला तर तो किलोला थोडा कमी, साधारण 933 ग्रॅम. पण शेर गावोगावी वेगळा, आणि जुन्या मुंबईचा शेर तर याच्या निम्म्याहूनही लहान. कुठला शेर धरता त्यावर घरात वाटीभर शिरा होणार की लग्नाची पंगत उठणार हे ठरतं. 1958 पासून किलो-ग्रॅम यायला लागले आणि ही सगळी मापं हळूहळू दुकानातून उठून म्हणींत जाऊन बसली. कमलाबाईंचा मोठेपणा मला इथे जाणवतो. त्यांनी वाटी-चमचा धरला. वाटी लहान असो, मोठी असो, कोणाच्या सासूची असो की भांडी विकणारीकडून जुन्या कपड्यांवर घेतलेली असो, पदार्थातलं एकाचं दुसऱ्याशी नातं तेच राहतं. 225 फुटांच्या खोलीतही ते टिकतं.

आणि अशाच एका दुपारी, ट्यूबखाली, मी अनारशांवर आले.

अनारशाचे तांदूळ उन्हात वाळवायचे नसतात. तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेले तांदूळ चौथ्या दिवशी उपसायचे, निथळायचे आणि घरातल्या घरात, सावलीत, सुती कापडावर पसरायचे. तेही खडखडीत नाही. हाताला कोरडे लागावेत पण दाण्याच्या पोटात ओल असावी. त्या ओलीशिवाय पीठ गुळाला धरत नाही. ऊन लागलं की बिघडलंच. मी हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सावली तर आपल्याकडे ढिगानं आहे.”

त्या दिवसापासून आमच्या घरी वाळवण म्हणजे अनारशाचे तांदूळ. पलंगावर आईची जुनी साडी, तिच्यावर पांढरे, ओलसर, वास सोडणारे दाणे, आणि आम्ही जमिनीवर पाय आखडून बसलेले. वाटायचं, बारीक चाळणीनं चाळायचं, बरोबरीचा किसलेला गूळ घालायचा, चमचाभर तूप, घट्ट गोळा करून डब्यात दाबून ठेवायचा आणि चार-पाच दिवस त्याच्याकडे बघायचं नाही. न बघणं हेच त्यातलं कठीण. डबा उघडला की तो तिसऱ्या दिवशीचा वास असतोच, पण गुळानं त्याला मवाळ केलेलं असतं. लहानपणी आई कामावरून आली की तिच्या पदराला काहीसा हाच वास असायचा. दुसऱ्याच्या घरचं आंबवलेलं पीठ, घाम, आणि कोणीतरी हातावर ठेवलेला गुळाचा खडा. बाई गं. किती दिवसांनी आठवलं.

पहिला घाणा हसला. अनारसा तुपात सोडला आणि तो कडांनी सैल होत, जाळी फाकवत, खसखस सोडत सगळ्या कढईभर पसरला. कढईत तळाशी गुळाचा काळा थर, वर दाण्यांचा फेस, आणि मी झारा हातात धरून उभी. आईनं न हलता, न रागावता, डब्यातल्या गोळ्याला बोट लावून चाटलं. “गूळ ओला होता. चार मुठी पीठ घाल.” पुस्तकात हे नव्हतं असं नाही, पण गूळ किती ओला ते पुस्तकाला कुठून कळणार? खाडीच्या काठाला बसलेलं हे मानखुर्द. खाडीवरून वारा आला की मीठसुद्धा डबीत गोळा होतं, तिथे गुळाची काय कथा. पीठ घातलं. पुढचा अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडला, उलटला नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिलो, आणि त्याला बारीक, सरळ, मोकळी जाळी पडली. चाळणीत उभा करून निथळत ठेवला. आईनं तो हातात घेऊन ट्यूबसमोर धरला. आरपार उजेड आला. तिनं अर्धा मला दिला.

2016 च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटला होता, ते दिवस आठवतात. 1927 पासून साठत आलेला तो डोंगर कित्येक दिवस धुमसत होता, आमच्याकडे सकाळ व्हायची तीच करडी, मुलांच्या शाळा बंद, खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबलेली, आणि तरीही कपड्यांना, उशीला, भाताला तो जळका वास. त्या आठवड्यात योगायोगानं पीठ मुरत होतं. एका रात्री झोप येईना म्हणून आई उठली, अंधारात डबा काढला, झाकण उघडलं आणि नाक आत घालून बसली. मग माझ्याकडे सरकवला. घट्ट झाकणाच्या त्या डब्यात धूर शिरला नव्हता. आळीपाळीनं आम्ही दोघी त्यात श्वास घेत होतो. हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला.

आई आता भावाकडे बदलापूरला असते. त्यांच्या गच्चीला कुलूप नाही. तिथे ऊन इतकं आहे की ती फोनवर तक्रार करते, डोकं उठतं म्हणते, आणि त्याच दमात सांगते की आज कुरडया घातल्या, उद्या सांडगे. चैत्र संपला की मी मानखुर्दहून हार्बरनं कुर्ल्याला जाते, गाडी बदलते आणि बदलापूरहून पिशवीभर ऊन घेऊन येते. मिरगुंडं, पापड, कुरडया, सगळं खडखड वाजणारं. जाताना माझ्याकडून अनारशाचं पीठ जातं. तिथे सावली धरून तांदूळ वाळवणं तिला जमत नाही असं ती म्हणते. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. तिला जमणार नाही असं स्वयंपाकातलं काही मी पाहिलेलं नाही. पण मी वाद घालत नाही, पीठ नेते.

‘रुचिरा’ची प्रत माझ्याकडेच आहे. काकूंच्या पेन्सिलीखाली आता माझ्या पेनच्या नोंदी आहेत. कुरडयांच्या पानावर ‘बदलापूर’. अनारशांच्या पानावर ‘पावसाळ्यात गूळ कमी’. आईनं एकदा, फार वेळ घेऊन, स्वतःच्या हातानं तिथे एक शब्द लिहिला आहे. ‘वास बघ.’ दोन शब्द झाले म्हणा, पण तिनं ते जोडून लिहिलेत.

2023 चा अधिक श्रावण भर पावसात आला होता. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून आमच्या मजल्यावरच्या बायका पीठ मागायला यायच्या, आणि त्या महिन्यात जिन्यातसुद्धा तोच आंबूस वास होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मेपासून. तुमच्याही खोलीत ऊन येत नसेल तर तांदूळ त्याच्या दहाएक दिवस आधी भिजत घाला. जुने घ्या, नवे चिकट होतात. पाणी रोज बदला. आणि तिसऱ्या दिवशी वास आला म्हणून घाबरून फेकून देऊ नका.