निकालपत्रकावरची सही

परवा नातू आला होता. हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे. त्यांच्या ऑफिसने सगळ्यांना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेलं होतं, 'टीम बिल्डिंग'साठी. तिथे एक खेळ घेतला. डोळे मिटून मागच्या मागे पडायचं आणि पाठीशी उभ्या असलेल्यांनी झेलायचं. यातून म्हणे विश्वास वाढतो.

"झेललं का रे तुला?"

"झेललं ना आजी, मॅनेजरच मागे होता. पण सोमवारी क्लायंटच्या कॉलवर त्यानेच पाडलं!"

तेव्हा मी खूप हसले. रात्री मात्र झोप येईना आणि जुनी शाळा डोळ्यांपुढे येऊन बसली.

साल 1979. नोकरीला जेमतेम पाच वर्षं झाली होती, आठवीची वर्गशिक्षिका होते. तेव्हा निकालपत्रक म्हणजे सतरंजीएवढा कागद. सगळ्या विषयांचे गुण हाताने उतरवायचे, बेरजा करायच्या, नापासाला लाल शाई. एका मुलाचे गणिताचे 52 मी 25 उतरवले. 1 मे रोजी निकाल लागला, मुलगा नापास. वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी घरी पोराला चांगलंच बदडलं आणि दोन दिवसांनी पेपर बघायला शाळेत आले. पेपरावर 52 स्वच्छ लिहिलेले.

हेडसरांनी मला बोलावून घेतलं. माझे पाय लटपटत होते. वडिलांचा आवाज चढलेला, दारात शिपाई, क्लार्क, दोन शिक्षक. सर शांतपणे म्हणाले, "निकालपत्रकावर शेवटची सही माझी आहे. तपासायचं काम माझं होतं. चूक माझी." त्याच संध्याकाळी ते स्वतः त्या घरी गेले आणि दुरुस्त केलेला निकाल मुलाच्या हातात दिला.

मला काय म्हणाले? "यापुढे एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पेपराशी ताडायचे. सगळ्याच वर्गांना." बस्स. पुढच्या वर्षी संपूर्ण शाळेच्या निकालाचं काम माझ्याकडे दिलं. मी प्रत्येक आकडा तीनतीनदा बघितला, कुणी सांगितलं नसताना.

हे सर गोड बोलणारे वगैरे मुळीच नव्हते हं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली की मस्टरवर लाल खूण पडायची, मग तुम्ही कोणी का असेना.

त्याच वर्षीची एक गोष्ट नातवाच्या मॅनेजरनेही पडद्यावर दाखवली म्हणे. 10 ऑगस्ट 1979 ला श्रीहरिकोट्याहून सोडलेलं एसएलव्ही-3 समुद्रात पडलं, तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. 18 जुलै 1980 ला यश आलं, तेव्हा त्यांनी अब्दुल कलामांना पुढे केलं. गोष्ट सांगणारे पत्रकार परिषदेपाशी थांबतात. मला अप्रूप वाटतं ते मधल्या अकरा महिन्यांचं. एवढं होऊनही प्रकल्प कलामांच्याच हाती राहिला! अपयश पोटात घालणं एक वेळ जमतं, पण नंतर त्याची वसुली न करणं फार अवघड असतं.

आता माझं सांगते. 1998 साली मी मुख्याध्यापिका झाले. 1981 च्या नियमावलीप्रमाणे शिक्षकांचे गोपनीय अहवाल मी लिहायचे. म्हणजे त्यांची दोरी माझ्या हातात, माझी त्यांच्या हातात नाही. खुर्चीवर बसल्यावर हा फरक पटकन विसरायला होतो.

एकदा तपासणीला अधिकारी आले. एका तरुण बाईंची टाचणवही तीन आठवडे कोरी निघाली. कारण मला पक्कं माहीत होतं. स्नेहसंमेलनाचं सगळं काम मीच त्यांच्या गळ्यात घातलं होतं. साहेबांनी वही उचलली, बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "मी सांगितलं होतं त्यांना."

खोटं नव्हतं ते. सांगितलं होतंच. संमेलनाचं तेवढं सांगितलं नाही.

बाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यानंतर त्यांची वही कधी अपुरी राहिली नाही, मस्टरवर सही कायम 10.50 ला. पण कुठलंही काम सांगितलं की विचारायच्या, "बाई, लेखी द्याल का?" कागदोपत्री त्यांच्याइतकी चोख शिक्षिका शाळेत दुसरी नव्हती. हळूहळू बाकीचेही लेखी मागू लागले आणि मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायला लागलं. वहीत काय राहिलंय हे मला वेळेवर येऊन सांगणारं मग कुणी उरलं नाही. मला सगळं साहेबांच्या तोंडून कळायचं.

दोन वर्षांनी मी त्यांना केबिनमध्ये बोलावून, दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं." "असू द्या बाई," त्या म्हणाल्या आणि तासावर गेल्या. 2009 ला मी निवृत्त झाले तोवर 'लेखी द्याल का' चालूच होतं.

हे सगळं सकाळी चहा पिताना नातवाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, साहेबांपुढे बोललीस तेव्हा खोलीत कितीजण होते?"

"पाच."

"आणि सॉरी म्हणालीस तेव्हा?"

चहा निवला होता. मी तो गरम करायला आत गेले.