नेसणें आणि घालणें

‘पण तुम्ही तें नेसणार कीं घालणार?’

आमच्या कन्येचा विवाह स्कॉटलंडांत इनव्हर्नेस येथें ठरला आणि वरपित्याचें एक सौजन्यपूर्ण पत्र आलें, त्या दिवशीं घरांतून मला विचारण्यांत आलेला हा पहिला प्रश्न. पत्रांत लिहिलें होतें कीं, लग्नाच्या दिवशीं त्यांच्याकडील पुरुष किल्ट परिधान करतात. वधूपित्यानेंही तो केल्यास त्यांस आनंद होईल. आग्रह मुळींच नाहीं. परंतु मनांत असल्यास कमरेचें आणि कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचें माप कळवावें, म्हणजे सर्व पोशाख भाड्यानें आणून ठेवतां येईल. मी माप घेण्याची फीत शोधीत होतों. हिचें लक्ष मात्र क्रियापदाकडे होतें.

विचार करूं लागलों तेव्हां प्रश्न वाटला तितका थट्टेचा नव्हता. या बाबतींत आपली भाषा मोठी काटेकोर आहे. धोतर नेसावयाचें, सदरा घालावयाचा, पागोटें बांधावयाचें, शाल पांघरावयाची. इंग्रजाचें हें सारें काम एकाच क्रियापदावर भागतें. ज्या वस्त्रास शिंप्याचा हात लागलेला नाहीं, जें सोडलें कीं नुसतें कापड उरतें आणि ज्यास आकार येतो तो नेसणाराच्या बोटांनीं, तें नेसावयाचें. शिंप्यानें आधींच आकार देऊन ठेवला असेल आणि आपण केवळ त्यांत शिरावयाचें, तर तें घालणें. माझा हा सिद्धांत ऐकून घेऊन ही म्हणाली, ‘परकर शिवलेला असतो, आणि तोही नेसतात.’ एवढें बोलून ती स्वयंपाकघरांत गेली. पुढें जें ती बोलली नाहीं, तें मला स्वच्छ ऐकूं आलें.

किल्टाची रचना अशी. त्यास सुमारें आठ वार लोंकरी कापड लागतें. (‘म्हणजे नऊवारीला एकच वार कमी!’) लुगड्याच्या निऱ्या पुढें येतात, याच्या मागें, आणि त्या कमरेपासून कांहीं अंतरापर्यंत शिवून पक्क्या केलेल्या असतात. पुढची बाजू सपाट. तेथें कापडाचीं दोन टोकें एकावर एक येतात, आणि बाजूंना चामड्याच्या पट्ट्यांनीं व बकलांनीं आवळावयाचीं. खिसा नाहीं. म्हणून पुढें एक चामड्याची पिशवी अडकवितात, तिला स्पोरन म्हणतात. आपल्याकडील जुन्या माणसांच्या कमरेची चंची आठवावी. पायांत गुडघ्यापर्यंत लोंकरी मोजे, आणि उजव्या मोज्यांत खोंचलेली एक लहानशी सुरी.

आमच्या गोतावळ्यांत ही वार्ता पसरण्यास एक संध्याकाळ पुरली. भावजयीनें विचारलें, ‘ओटी कोणाची भरायची, मुलीची कीं भावजींची?’ एका पुतण्यानें तो प्रश्न विचारला, जो या वस्त्राविषयीं साऱ्या जगांत विचारला जातो. भाड्याच्या वस्त्रापुरतें तरी त्याचें उत्तर शिष्टाचारानेंच देऊन ठेवलें आहे, असें सांगून मीं त्याची बोळवण केली. मुलीनें तिकडून कळविलें, ‘बाबा, अवघड वाटत असेल तर सूट घाला. कोणी कांहीं म्हणणार नाहीं.’ तिच्या या समजूतदारपणामुळेंच मला नाहीं म्हणणें अवघड झालें.

दादा मात्र हंसला नाहीं. माझा हा थोरला भाऊ भोकरदन तालुक्यांत आमच्या गांवीं राहतो. जन्मभर त्यानें शाळेंत इतिहास शिकविला. दूरध्वनीवर त्यानें एवढेंच विचारलें कीं कापडाची वीण कोणत्या कुळाची. मीं सांगितलें, मॅकेंझी. हिरव्या-निळ्या चौकटींवर पांढऱ्या व तांबड्या रेघा. पलीकडे क्षणभर शांतता. मग दादा म्हणाला, ‘असईला आले होते, ते हेच.’

तें खरें होतें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या रानांत वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढाई दिली, तींत ७८वी हायलंडर पलटण होती, आणि ती मॅकेंझींच्या कुळप्रमुखानें १७९३ सालीं उभारलेली होती. आमच्या वडिलांनीं लहानपणीं आम्हां दोघांना बैलगाडींतून नेऊन तें रान दाखविलें होतें. वडील प्राथमिक शाळेंत मास्तर होते. धोतराचा सोगा एका हातांत धरून दुसऱ्या हातानें ते तोफांच्या जागा दाखवीत होते, हें मला आजही दिसतें. दादाला काय उत्तर द्यावें हें मला सुचलें नाहीं. माप मात्र मीं पाठवून दिलें होतें.

इनव्हर्नेसला पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं व्याही मला जवळच्या कलोडनच्या माळावर घेऊन गेले. १६ एप्रिल १७४६ रोजीं येथें डोंगराळ मुलखांतील बंडखोरांचा तासाभराच्या आंत निकाल लागला. मीं असईचा विषय काढला नव्हता, त्यांनींच काढला. पलटणीच्या निशाणावर हत्तीचें चित्र आणि त्या गांवाचें नांव मिरविण्याचा मान मिळालेला, त्यामुळें त्यांना तें लहानपणापासून ठाऊक. फक्त उच्चार ‘असाय’. मीं तो दुरुस्त केला. त्यांनीं दोनतीनदां घोकून ‘असई’ म्हटलें, आणि मग म्हणाले, आमचा किल्ट वांचला तो त्या पलटणींमुळें.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ हा. कलोडननंतर त्याच वर्षीं इंग्रज सरकारनें कायदा केला, आणि १ ऑगस्ट १७४७ पासून डोंगराळ पोशाख करणाऱ्या पुरुषास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिने तुरुंग व दुसऱ्याबद्दल सात वर्षें समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा ठरली. सूट होती ती राजाच्या फौजेंतील शिपायांस. बंदी उठली १७८२ सालीं. मॅकेंझींची पलटण उभी राहिली ती त्यानंतर अकरा वर्षांनीं. म्हणजे असईस जे आले, त्यांच्या आजांच्या पिढीनें हेंच वस्त्र नेसावें तर तुरुंगांत जावें, नाहींतर राजाची चाकरी धरावी, असा प्रकार होता. हें ऐकून माझा असईचा राग पुरता गेला असें मी म्हणणार नाहीं. पण तो कोणावर धरावा, हें पूर्वीइतकें स्पष्ट राहिलें नाहीं. पुढें १८२२ सालीं चौथ्या जॉर्ज राजानें एडिंबरोस येऊन स्वतःच किल्ट मिरविला आणि वॉल्टर स्कॉटनें त्या सोहळ्याची व्यवस्था पाहिली. ज्या सखल मुलखांतील लोकांनीं हा पोशाख पूर्वीं रानटी मानला, तेही मग तो करूं लागले. राजाश्रयानें वस्त्राची अब्रू वाढते ती अशी!

क्रियापदाचा उलगडाही त्या माळावरच झाला. जुना किल्ट, ज्याला त्यांच्या भाषेंत थोरला म्हणतात, तो शिवलेला नसे. लांबलचक कापडाच्या निऱ्या हातानें घालून ते कमरेशीं पट्ट्यानें आवळीत, आणि उरलेलें खांद्यावरून घेत. धाकटा किल्ट, म्हणजे नुसता कमरेखालचा, हा पुढचा. तो प्रथम एका इंग्रज लोखंडवाल्यानें, रॉलिन्सननें, आपल्या मजुरांकरितां काढला असें एक मत आहे. तें स्कॉटलंडांत पुष्कळांना झोंबतें. निऱ्या शिवूं लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. सारांश, यांचे पूर्वज नेसत, हे घालतात.

‘आणि तुमचे वडील काय नेसत?’ व्याह्यांनीं विचारलें.

धोतर, असें मीं सांगितलें. जें सांगितलें नाहीं तें येथें लिहितों. १९८८ सालीं माझें लग्न झालें. सासरची मंडळी मुंबईची, सुधारलेली. मी नुकताच नोकरीला लागलेला. लग्नाच्या आदल्या आठवड्यांत मीं वडिलांना म्हटलें कीं त्या दिवशीं पँट घालावी. त्यांनीं विचारलें, ‘धोतर चालणार नाहीं का रे?’ मीं म्हटलें, ‘तिथें बरें दिसणार नाहीं.’ त्यांनीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं शिंप्याकडे जाऊन माप देऊन आले. लग्नाच्या छायाचित्रांत ते आहेत. खिशांचें काय करावें हें त्यांना कळलेलें नाहीं. दोन्ही हात मांड्यांपासून जरासे दूर धरून, अंगाला ओला रंग लागेल अशा बेतानें, ते उभे आहेत. ती पँट त्यांनीं पुन्हां कधीं घातली नाहीं, आणि तिच्याविषयीं एक अक्षरही काढलें नाहीं.

मला आग्रह नव्हता. सूट घालण्याची मोकळीक होती. पत्रांत दोनदां क्षमा मागितलेली होती.

लग्नाच्या सकाळीं व्याह्यांनीं स्वतः मला पोशाख चढविला. लांबी तपासण्यासाठीं गुडघे टेकावयाचे असतात. किल्टाची कड जमिनीला लागतां कामा नये. मी गुडघे टेकून ताठ बसलों, आणि माझ्यापेक्षां वयानें मोठा असलेला तो माणूस खालीं वांकून कड न्याहाळूं लागला. मग त्यांनीं बकलें आवळलीं, मोजे सारखे केले, सुरी खोंचून दिली. बाहेर आलों तेव्हां गुडघ्यांना वारा लागत होता, आणि हातांचें काय करावें हें मला कळत नव्हतें. छायाचित्रकार ‘सहज उभे राहा’ म्हणत होता. हिनें ते हात पाहिले. थट्टेसाठीं ती आठवडाभर तयारी करून होती. पण ती जवळ आली, आणि तिनें माझा एक हात नुसता आपल्या हातांत घेतला. छायाचित्रांत आम्ही तसेच आहों.

परत आल्यावर तें छायाचित्र घेऊन मी गांवीं गेलों. दादानें तें चष्मा लावून पाहिलें, बराच वेळ पाहिलें, आणि निऱ्या मागें कां, एवढेंच विचारलें. मग मीं त्याला वडिलांची ट्रंक उघडावयास सांगितली. तींत वडिलांचीं दोन धोतरें होतीं; एक विरलेलें, एक कोरें. कोरें मीं घेतलें, पण पुढें काय करावयाचें हें मला येत नव्हतें. मुंजीनंतर मीं धोतर कधीं स्वतःच्या हातानें नेसलों नव्हतों. दादानें दार लोटून घेतलें, टोक माझ्या कमरेशीं धरलें, आणि म्हणाला, ‘पोट आंत घे.’

पहिल्यांदां कासोटा सुटला. दुसऱ्यांदां निऱ्या.

‘घाई करूं नको,’ दादा म्हणाला, आणि त्यानें तें सबंध सोडून पुन्हां माझ्या हातीं दिलें.