नैवेद्याआधीचा डबा

यंदा चाँदरातीला खारीक कापता कापता माझ्या मुलीने विचारले, "अम्मी, समोरच्या फ्लॅटमध्ये शीरखुर्मा द्यायचा की दुकानातला ड्रायफ्रूटचा बॉक्स? बॉक्स बरा ना. सीलबंद असतो. ते खातील तरी."

प्रश्न साधा होता, पण माझा हात थांबला. 'ते खातील तरी' हे तिला कुणी शिकवले? बहुधा मीच, न बोलता. म्हणून एक जुनी गोष्ट लिहिते आहे. ती माझ्या आईची आहे, आमच्या शेजारच्या काकूंची आहे, आणि माझ्या एका चुकीचीही आहे.

माझे बालपण जुन्या नाशकात, भद्रकालीकडच्या एका वाड्यात गेले. मधे चौक, चौकात नळ आणि नळाभोवती सहा बिऱ्हाडे. आमच्या दारासमोर काकूंचे दार. काकूंचे घर शाकाहारी, सोवळे-ओवळे पाळणारे. आमच्या घरातले शिजलेले त्यांच्याकडे चालत नसे. हे कुणी बोलून दाखवले नव्हते, पण वाड्यात सगळ्यांना ठाऊक होते.

ईदच्या आदल्या दिवशी अम्मी एक ताट तयार करायची. त्यात कोऱ्या कागदात बांधलेल्या बारीक शेवया, साखर, खारीक, चारोळी, बदाम, खोबऱ्याची वाटी आणि चार वेलदोडे. वर क्रोशाचा रुमाल. सगळे कोरडे. दुधाची तिने वेगळी सोय केली होती. गवळ्याला सांगून ठेवायची, "वहिनींच्या पातेल्यात एक लिटर जास्त घाल, हिशेब आमच्याकडे लाव." आमच्या भांड्याला लागलेले दूध त्यांना नको, एवढा तिचा विचार.

गंमत पुढेच होती. काकू त्याच शेवयांची खीर करायच्या, त्यात जायफळ किसून घालायच्या आणि दुपारी एक वाटी आमच्याकडे पाठवायच्या. म्हणजे आमच्याच शेवया आमच्याकडे खीर होऊन परत. अब्बा ईदगाहवरून नमाज पढून आले की दिवसभर पाहुण्यांबरोबर शीरखुर्मा पिऊन कंटाळायचे, पण ती वाटी मात्र मागून घ्यायचे.

दिवाळीला उलट दिशेने डबा यायचा. चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा आणि बेसनाचे लाडू. तो डबा रिकामा परत जात नसे. "खाली बर्तन नहीं लौटाते," अम्मी म्हणायची आणि दुसरे काही नसले तर मूठभर साखर घालायची.

आता माझ्या चुकीकडे येते.

२००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. आपले हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यात अधिक महिना नाही, म्हणून आपले सण सगळ्या ऋतूंतून फिरतात आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतात. लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि ईद त्यानंतर दिसणाऱ्या कोरीची. तेव्हा अशा वर्षी एकच चंद्र दोन्ही घरांचा सण ठरवतो.

२००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि आमचे शेवटचे रोजे चालू होते. मी नुकतीच बी.एड. होऊन शिकवायला लागले होते. वय पंचविशीचे. चार पुस्तके वाचली होती आणि चार बयान ऐकले होते. आपल्याला दीन घरच्यांपेक्षा जास्त कळतो असे वाटण्याचे ते वय. काकूंचा डबा आला तेव्हा अम्मी घरी नव्हती. नात्यातल्या एक बाई आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "देवापुढे ठेवलेलं असतं ते. आणि तेही रमजानमध्ये?"

मी काही विचारले नाही. फराळ पिशवीत बांधला आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा तिच्यात टाकला. डबा घासून ठेवला. अम्मीने विचारले तेव्हा सांगितले, "वाटून टाकला." ती काही बोलली नाही. डब्यात साखर घालून तिने तो परत पाठवला.

पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, दिवाळीच्या दोन दिवस आधी काकूंनी मला हाक मारली. त्यांचा हात दुखत होता, सोऱ्या फिरवायला कुणी नव्हते. मला रोजा होता, तरी गेले. भाजणी त्यांनी घरीच केलेली, तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजून, धणे-जिरे घालून दळलेली. मी चकल्या पाडत होते, त्या तळत होत्या. पहिला घाणा निघाला आणि मी म्हटले, "काकू, मीठ बघा ना."

त्या हसल्या. "नैवेद्य व्हायचाय अजून. मी कशी चाखू? तू बघ."

"मला रोजा आहे."

मग दोघी हसलो. कढईसमोर दोन बायका, आणि मीठ बघायला कुणीच नाही. त्यांच्या मुलाने ताटलीतला एक तुकडा उचलला तर त्याच्या हातावर चापट बसली. "आधी देवाला!"

आणि मग त्यांनी त्याच पहिल्या घाण्यातल्या चकल्या निवल्यावर एका स्टीलच्या डब्यात भरल्या. तो डबा मी ओळखला. बाकीचे जिन्नस त्यात आधीच भरलेले होते. झाकण लावून त्यांनी तो देवघरापासून लांब, खिडकीतल्या फळीवर ठेवला.

"हा तुमचा," त्या म्हणाल्या.

"पण नैवेद्य..."

"म्हणून तर आधी काढला. देवापुढे ठेवलेलं तुमच्याकडे चालत नाही ना. मी दरवर्षी आधीच काढते."

"अम्मीने सांगितलं होतं?"

"ती कशाला सांगेल? ती इतकी वर्षं मला कोऱ्या कागदात शेवया पाठवते. मला कळत नाही का?"

मी सोऱ्यात पीठ भरत राहिले. वर बघायची हिंमत झाली नाही. पोटच्या मुलाला जी बाई एक तुकडा उचलू देत नव्हती, तिने आमच्यासाठी स्वतःचा नियम थोडा बाजूला सारला होता. आणि त्यातला एक डबा मी घंटागाडीत टाकला होता. त्या दिवशीच्या चकल्या थोड्या खारट झाल्या होत्या. इफ्तारीला आम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

मी ही गोष्ट काकूंना सांगितली नाही. अम्मीलाही नाही. अम्मी आता हयात नाही. काकू मुलाकडे गेल्या, वाडा पडला. त्यामुळे ही कबुली इथे.

नैवेद्याचे खावे की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. ज्याला जे पटते त्याने ते पाळावे, जाणकारांना विचारावे. माझी चूक न खाण्याची नव्हती. मी विचारले नाही, ही चूक. समोर दार होते, चार पावलांवर. परत देता आले असते, दुसऱ्या कुणाला देता आले असते. मी समोरच्या माणसाबद्दल गृहीत धरले आणि अन्न फेकले, तेही रोजा ठेवून.

हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, मला दोन शेजारी आहेत, भेट कुणाला पाठवू? उत्तर मिळाले, ज्याचे दार तुझ्या दाराला जास्त जवळ आहे त्याला. त्या उत्तरात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही, दाराचे अंतर विचारलेले आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये बायकांना सांगितले आहे की शेजारणीला द्यायची वस्तू कितीही किरकोळ असो, बकरीचा खूर का असेना, तिला कमी लेखू नका. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले ते हेच, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का?

मी वर्गात शब्द शिकवते, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. शीरखुर्मा फारसी, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. मराठीतला फराळ हा मुळात फलाहार. भेटीसाठी आपण 'हदिया' म्हणतो, तो अरबी शब्द. 'हिदायत', म्हणजे वाट दाखवणे, हाही त्याच धातूतून आला. अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेली होती, तिला धातू-बितू ठाऊक नव्हते. पण हदिया पाठवताना समोरच्याच्या घरात काय चालते आणि काय नाही, ही वाट तिला बरोबर माहीत होती. काकूंनाही होती. दुकानातल्या बॉक्सची मला अडचण नाही, मीही देते. पण बॉक्स सगळ्यांना सारखाच जातो. घरी केलेला जिन्नस करताना मात्र ज्याला द्यायचे त्याचा विचार करावा लागतो.

मुलीला मी एवढे सगळे सांगितले नाही. म्हटले, "जा, समोर जाऊन विचार."

ती बिचकत गेली. समोर एक जैन कुटुंब आहे, दोन वर्षांपूर्वी राहायला आलेले. पाच मिनिटांनी परत आली. "आँटी म्हणाल्या, करून नका देऊ, पण शेवया द्या, आम्ही घरी करू. आणि कशा करायच्या ते लिहून द्या."

मग मी कोरा कागद घेतला. शेवया, साखर, खारीक, चारोळी, बदाम. कृती मुलीने लिहिली: एक लिटर दुधाला मूठभरच शेवया, तुपात गुलाबी परतून, खारीक रात्रभर भिजवून. क्रोशाचा रुमाल अम्मीचाच होता, ट्रंकेतून काढला.

ईदच्या संध्याकाळी ताट परत आले. धुतलेले, वर रुमाल घडी घातलेला. रुमालाखाली छोट्या वाटीत साखर होती.

"त्यांनी शीरखुर्मा केला असेल का गं?" मुलीने विचारले.

"उद्या विचार," मी म्हटले आणि ती साखर चहाच्या डब्यात ओतली.