येलदरीची छायाचित्रे

आमच्या भाच्याला सातचा पाढा तोंडपाठ होता. मात्र मध्येच "सात आठी किती?" असे विचारले, की तो पुन्हा 'सात एके सात'पासून प्रारंभ करी, आणि त्याने आठवी पायरी गाठेपर्यंत आम्हीच अधीर होत असू. त्या अधीरपणात एकदा आमच्या तोंडून 'ढ' हा शब्द निसटला. त्या दिवसापासून तो आमच्यासमोर पाढे म्हणेनासा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन आम्ही जिंतूरहून येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. मोबाइल त्याच्या हाती देऊन आम्ही एवढेच म्हणालो, "जिथे सारख्या रांगा दिसतील, तिथे फोटो काढ." पहिला फोटो धरणाच्या दरवाजांचा. दरवाजे दहा, पण रांग एकच. "दहा एके दहा," तो पुटपुटला आणि हिरमुसला.

परतताना एका दुकानात अंड्यांचा ट्रे दिसला. पाच रांगा, प्रत्येकीत सहा अंडी. "सहा पंचे तीस!" त्याने फोटो काढला. आता तोच फोटो आडवा धर, असे आम्ही सुचवले. पण फोन फिरताच आतले चित्र आपोआप सरळ झाले. यंत्राची हुशारी ही अशी आड येते! अखेर त्याने फोन फळीवर निजवला आणि स्वतःच वळसा घालून बाजूला जाऊन उभा राहिला. क्षणभर पाहतच राहिला. "मामा, आता सहा रांगा, पाच-पाचच्या. पाच सक तीस. अंडी तीच!"

सुरात म्हटलेल्या पाढ्यात हे दिसत नाही. तिथे पाचचा पाढा एकीकडे, सहाचा दुसरीकडे. दोघांची ओळखही नसते. पाठांतराची आम्ही थट्टा करीत नाही. येलदरीच्या वीजगृहातील ७.५ मेगावॅटच्या तीन संचांची बेरीज आम्हांला मांडावी लागली नाही; 'साडेसात त्रिक साडेबावीस' हे आपसूक ओठांवर आले. आमच्या वडिलांच्या पिढीला तर पावकीपासून औटकीपर्यंत सारे मुखोद्गत असे. परंतु साडेसात कशाचे, हे आम्ही भाच्याला कधी विचारूच दिले नव्हते.

रात्री घरी फोटो पाहताना दुसऱ्या एका ट्रेचे चित्र आले. आम्ही वरवर पाहून म्हणालो, "तीस."

त्याने बोटांनी चित्र मोठे केले. "अठ्ठावीस, मामा. कोपऱ्यातली दोन विकली ना!"

या वेळी तो 'एके'पासून निघाला नव्हता.